शहाजिऱ्याचं नाक

सांगली, १२ जून २०२४

चि. राणीस,

फोन तीनदा केला. दोनदा तुझ्या भावानं उचलला, ‘ती रानात हाय’ म्हणाला आणि ठेवून दिला. तिसऱ्यांदा कुणीच उचलला नाही. कडेगावच्या उसात रोज एवढी कसली भांगलण चालते ते मला कळत नाही, पण असो. पत्र तरी तुझ्या हातात पडेल. तुला वाचता येतं हे त्या घरात कुणाच्या लक्षात असलं तर.

सोबत मूठभर शहाजिरं पाठवते आहे. दिल्लीचा व्यापारी हे वर बर्फातल्या लाहौलचं म्हणून सांगतो आणि भावही तसाच लावतो. तळहातावर चोळ, वास घे आणि चिठ्ठीवर लिहून पाठव, वरचं आहे की बाहेरचं, नवं की जुनं. इथं असताना दुपारच्या चहाआधी करत होतीस तेवढंच. का विचारते ते तुला ठाऊक आहे, इथं लिहीत नाही. पत्रं चार हातांतून जातात.

इकडचं बरं आहे. चटणीचा हंगाम संपला. तुझे सासरे जोतीराम गेल्यापासून गोदामाला दुसरा माणूस ठेवला, पण त्याला धने कुठले आणि बडीशेप कुठली हे सांगण्यातच माझा दिवस जातो. जोतीरामला तीस वर्षांत मला एक गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही. तुझी सासू हरणाबाई दुकानात येते, मिरच्यांचे देठ खुडते. फार बोलत नाही.

प्रांजल आता पहिलीत जाणार. दप्तर मी घेतलं, गुलाबी. पोरगी मला विचारते, ‘आक्का, आई कवा येणार?’ मी सांगते, सुट्टीत. कुठल्या सुट्टीत, ते ती अजून विचारत नाही.

तुला माहेरी धाडून पोर ठेवून घेतली हे मलाही पटलेलं नाही. पण राणी, झालं ते झालं. शनिवारचं कालवण रविवारी सासऱ्याच्या डब्यात गेलं, एप्रिलचं ऊन, नासलं. कुणी असं मुद्दाम करत नाही, हे मी तुझ्या नवऱ्याला, पप्पूला सांगितलं आहे. मुंबईत गाडी चालवून चालवून त्याचं डोकं कायम तापलेलं. वर्षभरात उतरेल राग. तोवर माहेरी गप्प राहा, भावजयीशी वाकडं घेऊ नकोस आणि शहाजिऱ्याचं तेवढं लवकर कळव.

चंदनबाला आक्का


सांगली, १४ जुलै २०२४

राणी,

पाकीट परत आलं. आत तेच शहाजिरं आणि वहीच्या कागदाचा एक तुकडा. ‘माल वरचा न्हाई. भायेरचा हाय, जुना बी हाय. पुन्यांदा पाठवू नका.’ वर आक्का नाही, खाली राणी नाही.

एवढा राग? बरं. पण तरी वास घेतलास. चोळल्याशिवाय तू माल जुना म्हणायची नाहीस. तुझी चिठ्ठी येईपर्यंत मी त्यातलं अकरा किलो लाहौलचं म्हणून विकून मोकळी झाले होते. कुणी परत आणलं नाही. लोक दगडफूल, नागकेशर, शहाजिरं सगळं एकदम भाजतात आणि कुटतात, त्यांना काय कळणार! आप्पांना मात्र पोत्याचं तोंड सुटायच्या आत कळलं असतं.

आप्पांचं तुला कधी सांगितलं का? नसेल. दुकानात तू कामाला होतीस, तेव्हा कामाचंच बोलायचे मी. माझे वडील चौऱ्याहत्तर साली लाहौलला गेले होते. ज्या मातीतून माल येतो ती पाहिल्याशिवाय विकायचा नाही, असा हट्ट. बर्फ वितळायची वाट बघत पंधरा दिवस खाली अडकले. वर गेले तर शहाजिऱ्याचं रान म्हणजे गुडघ्याएवढी झुडपं. पहिल्या वर्षी नुसता पाला. दुसऱ्या वर्षी पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात, दाणे धरतात आणि झाड संपतं. पहाटे दव असेतो बायका ते कापून घेतात, कारण ऊन चढल्यावर हात लागला की दाणा गळून पडतो. आप्पांनी विचारलं, हे जिऱ्याचंच झाड का? त्या बाईनं हसून एक झुडूप मुळासकट उपटून दाखवलं. खाली बोटाएवढं पांढरं गाजर. जमिनीखालचं न खाणारा जैन माणूस तो. आपण विचारलं म्हणून एक झाड मुळापासून गेलं, या दुःखानं दोन दिवस जेवले नाहीत. त्या माणसाच्या गादीवर मी बसते.

चोविसाव्या वर्षी नवरा गेला आणि मी परत आले, तेव्हा आप्पांनी मला स्वयंपाकघरात नाही, पेढीवर बसवलं. डोळे मिटून वास घ्यायला शिकवलं. वास कुठून येतो ते सांगता आलं की माल कुठून येतो ते सांगता येतं, म्हणायचे. अडतीस वर्षं सांगत आले. वखारभागात अजून मला शहाजिऱ्याचं नाक म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला ऐकू येतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडतं.

एकवीसच्या मे महिन्यात करोनातून उठले आणि पहिलं पोतं उघडलं, तर काहीच नाही. पाण्याचा वास घ्यावा तसं. वाटलं महिनाभरात येईल. आला नाही. मग तुला एकटीला सांगितलं. तू मिरच्या निवडायला आली होतीस, तीन वर्षांची प्रांजल तुझ्या पदराशी. तुझा हात तिच्या डोक्यावर ठेवायला लावला आणि म्हटलं, आक्काला वास येत नाही हे कुणाला सांगशील तर या पोरीची शपथ. तू म्हणालीस, ‘आवं आक्का, पोरीची कशाला घालता?’ पण घेतलीस. तेव्हापासून नाक तुझं आणि नाव माझं.

तू ती शपथ पाळलीस. जोतीरामच्या दहाव्याला, तिकडं तुमच्या गावी माणात, ओढ्याकाठीसुद्धा पाळलीस. सगळ्यांच्या देखत तू एकदा माझ्याकडं पाहिलंस आणि मान खाली घातलीस. मला वाटतं त्याबद्दलच लिहायला बसले होते आणि आप्पांवर घसरले. आता दिवा लावायची वेळ झाली.

चंदनबाला


सांगली, १८ सप्टेंबर २०२४

राणी,

आमचं दशलक्षण पर्व संपलं. आज क्षमावाणी. आजच्या दिवशी आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. दुकानाची छापील कार्डं आहेत, ‘जाणता-अजाणता आपले मन दुखावले असल्यास’. सगळ्या व्यापाऱ्यांना गेली. तुझ्या नावाचं कार्ड समोर घेतलं आणि पेन तिथंच थांबलं. तुझ्या बाबतीत अजाणता असं काहीच नव्हतं.

जोतीराम तुझ्या डब्यानं गेला नाही.

एवढं लिहून मी उठले होते. देवळात जाऊन आले. आता सगळं लिहिते.

एप्रिलमध्ये धन्याला कीड लागली होती, ती शहाजिऱ्याच्या पोत्यांपर्यंत पोचली. हंगाम ऐन भरात. आप्पांचा नेम तुला माहीत आहे, या गोदामात जीव मारायचा नाही. कडुनिंबाचा पाला घालायचा, ऊन द्यायचं, चाळायचं आणि चाळलेले किडे सुपातून नेऊन मागच्या लिंबाखाली सोडायचे. ते काम जोतीरामचं. स्वतः बिरोबाला बकरं कापणारा माणूस, पण सूप असं जपून न्यायचा जसं त्यात तान्हं मूल आहे. वर मला विचारायचा, ‘आक्का, ह्यास्नी तिकीट काढून गावाला धाडू का?’ या वर्षी सूप पुरलं नाही. मी मिरजेला गेले, जिथं मला कुणी ओळखत नाही, आणि गोदामात ठेवायच्या गोळ्या आणल्या. हवा लागली की त्यांतून विषारी वायू सुटतो. विकणाऱ्यानं बजावून सांगितलं, तीन दिवस दार उघडायचं नाही, दारावर पाटी लावायची, आणि लसणासारखा वास येतोय तोवर आत पाऊल टाकायचं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी माझ्या हातानं गोळ्या ठेवल्या. रविवारी महावीर जयंती, दुकान बंदच, म्हणून तो दिवस निवडला. पाटी लावली नाही. मिरवणूक त्याच बोळातून जाते. आप्पांच्या गोदामाच्या दारावर, जयंतीच्या दिवशी, आत विष आहे म्हणून पाटी? सगळा समाज वाचत गेला असता. जोतीरामला सकाळी नुसतं म्हटलं, आज गोदाम उघडू नकोस. तो म्हणाला, ‘व्हय आक्का.’ का, ते मी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. मागच्या दाराची किल्ली त्याच्या करगोट्याला असायची. तुमच्या खोलीचा पत्रा एप्रिलमध्ये तापतो म्हणून सुट्टीच्या दिवशी तो लिंबाखाली जेवून धन्याच्या पोत्यांवर दुपारची झोप काढायचा. तीस वर्षांची सवय, मला माहीत होती. त्याच्या लेखी ते गोदाम उघडणं नव्हतंच.

बारा वाजता तू त्याला डबा दिलास आणि पुढं दुकानात आलीस. मी मिरवणुकीसाठी साखरेच्या पुड्या बांधत होते. तू म्हणालीस, ‘आक्का, मागल्या दारापाशी लसणाचा वास मारतोय.’

मी म्हटलं, शेजारच्या डंकाचा असेल.

तिथं दिवसभर कांदा-लसणाची चटणी कुटतात, तेव्हा हे उत्तर चांगलं होतं. पण तू म्हणालीस, ‘डंक आज बंद हाय की. सिद्धूअण्णा गावाला गेल्यात.’ मी म्हटलं, भिंतीत मुरलेला असतो तो, जा घरी, ऊन वाढतंय. तू गेलीस. माझं नाक म्हणून तुला ठेवली होती, आणि नाकानं सांगितलं ते मी ऐकून घेतलं नाही. तेव्हा लिंबाखाली दहा पावलं जाऊन त्याला हाक मारली असती तरी पुरे होतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं.

पाचला मिरवणुकीतून परत आले. मागचं दार लोटलेलं, कडी काढलेली. जोतीराम पोत्यांवर आडवा, उलटी झालेली, डबा रिकामा शेजारी. मी पदर तोंडावर धरून दारं उघडली. मग गोळ्यांची राख गोळा करून गटारात टाकली. मग डॉक्टरांना फोन केला. त्याचा श्वास चालू होता का, हे यातल्या कुठल्या वेळी मी पाहिलं, ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही, राणी. मी आठवायचा प्रयत्न करत नाही, हेही खरं.

ओळखीच्या डॉक्टरांनी हृदयविकार लिहून दिला. टेम्पो मी केला, घाई मी केली. उन्हाळा आहे, लवकर न्या म्हटलं. सूर्य मावळायच्या आत माती झाली असती तर बरं, असंच माझ्या मनात होतं. पण गावाकडं आंघोळ घालताना बायकांना त्याच्या तोंडाला लसणाचा वास आला आणि तिथून तुझं मरण सुरू झालं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण त्यातलं माझं मला लिहिलं पाहिजे. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. आमच्यात पिंड नाही की कावळा नाही, मी आपली लांब दगडावर बसले होते. पप्पूनं सगळी वचनं दिली, हरणाबाईनं दिली. ऊन डोक्यावर आलं. मग जोतीरामचा चुलत भाऊ नाथाजी तुला म्हणाला, ‘पोरी, काय लपीवलंस का? शनवारचं कोंबडीचं कालवण व्हतं न्हवं घरात?’ तू म्हणालीस, ‘डब्यात मटकीची उसळ व्हती, सकाळी केल्याली, बिनलसणाची. मामा गोदामात लसूण कवाच न्हेत न्हवतं. आक्कास्नी इचारा.’ खरं होतं. मालकाच्या घरात चालत नाही ते त्याच्या दारात कशाला, म्हणून जोतीराम तीस वर्षं बिनलसणाचा डबा आणायचा. त्याला मी कधी सांगितलं नव्हतं. डब्यात लसूण होता म्हणजे ते शनिवारचं शिळं कालवण होतं, आणि नव्हता म्हणजे वास दुसरीकडून आला होता. सगळं त्या एका उत्तरावर आलं.

नाथाजी माझ्याकडं वळला. ‘आक्का, तुमचं नाक सांगलीत नावाजल्यालं. तुमी तिथं पयल्यांदा गेला. सांगा, डब्याला लसणाचा वास व्हता का?’

मी म्हटलं, होता.

तेव्हा तू माझ्याकडं पाहिलंस. हिला वास येत नाही, एवढंच बोलायचं होतं तुला. शेजारी प्रांजल उभी होती, तिच्या डोक्यावर तुझा हात होता. तू काही बोलली नाहीस. आणि तेवढ्यात तो मेला कावळा आला आणि पिंडाला शिवला.

लिहून झालं. छातीवरचं पोतं उतरल्यासारखं वाटतंय. मला क्षमा कर.

चंदनबाला


सांगली, ५ जानेवारी २०२५

राणी,

साडेतीन महिन्यांनी तुझी चिठ्ठी आली. मला वाटत होतं भावानं पत्र फाडलं असेल. नसेल तर तू रडली असशील, शिव्या दिल्या असशील, नाहीतर क्षमा तरी केली असशील. असलं कायकाय मनात आणलं होतं.

‘हे मला कशाला सांगता? मी लसूण घातला न्हवता हे मला म्हायतच हाय. ज्यांच्याम्होरं खोटं बोलला त्यांच्याम्होरं सांगा.’

दहादा वाचली. पहिल्यांदा राग आला. वाटलं, एवढं सगळं उघडं केलं आणि ही पोरगी माझ्याकडून हिशेबी उत्तर मागते! मग दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी चिठ्ठी पुन्हा काढली. खरंच, तुला कशाला सांगितलं मी? जगात एकच माणूस होतं ज्याला सांगून माझं काही बिघडणार नव्हतं, आणि मी नेमकं त्यालाच शोधून सांगितलं. वर क्षमा मागितली.

पण राणी, माझंही बघ. मी बासष्ट वर्षांची. नाक गेलं हे कळलं तर पेढी गेली. गोळ्यांचं कळलं तर देवळाच्या पायरीवर कुणी शेजारी बसणार नाही. जोतीरामचं कळलं तर पोलीस. मी ठरवते आणि सकाळी पेढीचं कुलूप उघडलं की ठरवलेलं जातं. हरणाबाई समोर देठ खुडत बसलेली असते. मी तोंड उघडते आणि तिला चहा विचारते.

हे लिहून पत्र संपवणार होते. पण आज शाळेच्या बाई दुकानात आल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्याकडची प्रांजल शाळेत काही खात नाही. खिचडी वाढली की ताटाला नाक लावून बसते, हुंगते आणि ढकलून देते. मी तिला जवळ घेतलं आणि विचारलं. ती म्हणाली, ‘आईनं डब्यात वासाचं घातलं म्हणून आबा मेला. मग मी बघाय नगो?’

सहा वर्षांची आहे ती. नाक तुझं आलंय तिला.

वर्षश्राद्धाला माणात जाईन. तिथं तीच माणसं असतील. याआधीही मी खूप काही लिहिलं आहे, तेव्हा यावर तू विश्वास ठेवू नकोस.

चंदनबाला


सांगली, ११ एप्रिल २०२५

राणी,

जोतीराम गेला त्या तिथीला महावीर जयंती होती, त्यामुळं वर्षश्राद्धही जयंतीलाच आलं. काल इथली मिरवणूक सोडून मी माणात गेले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

पानं मांडायच्या आधी मी नाथाजीला म्हटलं, मला बोलायचं आहे. गोळ्या सांगितल्या, पाटी सांगितली, डंकाचं सांगितलं, राख सांगितली. डबा बिनलसणाचा होता आणि मला चार वर्षं कसलाच वास येत नाही, हेही सांगितलं. सांगताना आवाज कापला नाही. एवढा वेळ तोंडात धरलं होतं, पाठ झालं होतं.

आणि त्यांनी विश्वास ठेवला नाही!

नाथाजी म्हणाला, ‘आवं आक्का, सुनेची कीव आली म्हणून आता आसं बोलता व्हय? तुमच्या नाकाचा दाखला देत्यात लोकं. नाक कुठं जाईल?’ पप्पू म्हणाला, ‘म्हाताऱ्या झाल्या, डोकं चालंना त्यांचं.’ मी खरं बोलायला एक वर्ष घेतलं आणि माझं खोटंच जास्त पक्कं निघालं. मग मी म्हटलं, डोळे बांधा आणि काहीही नाकाशी धरा.

हरणाबाईनं तिच्याच पदरानं माझे डोळे बांधले. पहिल्यांदा काहीतरी आणून धरलं. मी म्हटलं, काही नाही. दुसऱ्यांदा धरलं. काही नाही. मागं कुणीतरी पुटपुटलं, ‘आगं, राकेल हाय त्ये.’ तिसऱ्या वेळी प्रांजलची पावलं आली. तिच्या मुठीत दाणे सरकल्याचा बारीक आवाज आला आणि मला कळलं, शहाजिरं. आवाजानं कळलं, राणी. आणि काय सांगू, त्या वेळीसुद्धा जीभ वळवळली. सांगावं आणि सगळ्यांनी वाहवा करावी. मी दात आवळले आणि म्हटलं, काही नाही.

मग हरणाबाई म्हणाली, ‘थांबा.’ दगडावर काहीतरी ठेचल्याचा आवाज आला. तिनं हात माझ्या नाकाला टेकवला, अगदी टेकवला, ओलं लागलं. ‘सांगा आक्का.’ मी म्हटलं, काही नाही.

प्रांजल मोठ्यानं म्हणाली, ‘आज्जी, आक्काला लसूण सुदीक येत न्हाई!’

शेरडं तेवढी ओरडत होती. हरणाबाईनं माझे डोळे सोडले आणि विचारलं, ‘राणीला ह्ये म्हायत व्हतं?’ हो म्हटलं. ‘मग वरीसभर का बोलली न्हाई?’ मी सांगितलं, मी तिला या पोरीची शपथ घातली होती. त्याच लसणाच्या हातानं हरणाबाईनं माझ्या थोबाडीत मारली. दोनदा. कुणी तिला धरलं नाही आणि धरायचं कारणही नव्हतं. गाल अजून चुरचुरतो आहे, वास मात्र नाही.

पप्पू गोठ्यामागं जाऊन बसला होता. तिथून तो किती वेळानं उठला ते मी पाहिलं नाही. तो तुझ्याकडं येईल का, आला तर तू काय करावंस, हे मी बोलायची नाही. गेल्या जूनमध्ये याच हातानं तुला लिहिलं होतं, वर्षभरात राग उतरेल, गप्प राहा. तेवढी एक ओळ खोडता आली असती तर बरं झालं असतं.

आज दुपारी मी पोलीस ठाण्यात जाते आहे. सगळं लिहून काढलं आहे, तारखांसकट. वकिलांनी आधी त्यांच्याकडं या म्हणून सांगितलं, मी नको म्हटलं. पेढीला कुलूप घातलं. ते अकरा किलो कुणाकुणाला विकलं ते आठवेल तेवढं दारावरच्या पाटीवर लिहिलं, माल लाहौलचा नव्हता, पैसे परत मिळतील म्हणून. बोळातले लोक थांबून वाचत होते. पाटी लावायला एवढंसंच लागतं, एक खिळा आणि दोरी.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. हरणाबाई घेऊन येते आहे, दुपारच्या कडेगाव गाडीनं. सोबत प्रांजल आहे, गुलाबी दप्तर आहे आणि तिचे सगळे कपडे आहेत. एकही इथं ठेवलेला नाही, मी स्वतः पाहिलं. हरणाबाईला आत घ्यायचं की दारातून परत पाठवायचं, ते तू ठरव. ती म्हणाली, पोर दारात सोडीन आणि रस्त्यावर उभी राहीन.

प्रांजल आल्या आल्या ताट हुंगेल. रागावू नकोस. तिच्या देखत स्वयंपाक कर आणि पहिला घास तू खा.

तुझी क्षमा मागत नाही. एकच राहिलं आहे. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ मी घातली होती, ती मी सोडवते. आता कुणीही विचारलं, कुठंही विचारलं, तर मोठ्यानं सांग. चंदनबालाला वास येत नाही. डब्यात लसूण नव्हता.

चंदनबाला